दारव्ह्याचा गळ हर्णेच्या लाटेत

वाळूवर उभं राहून समुद्रात गळ कसा टाकावा, असं आजकाल सुट्टीला कोकणात निघालेली तरुण मंडळी मला विचारतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या बाईला हे विचारणं म्हणजे वाळवंटातल्या माणसाला होडीचा भाव विचारणं. पण चूक त्यांची नाही. हर्णेच्या वाळूवर आम्ही चौघांनी गळ टाकला होता, ही गोष्ट मीच इतक्यांदा सांगितली आहे. त्या प्रवासाचा एकही फोटो माझ्याकडे नाही. तेव्हा हे लिहिते आहे, फोटोच्या जागी.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा होता आणि मीही शाळेत नवी लागले होते. आमचं घर दारव्ह्यात, शेती गावाबाहेर. बाबांना दोनच गोष्टींचं वेड, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि अडाण नदी. शेतातलं काम उरकलं की खांद्यावर बांबूची काठी टाकून ते डोहाकडे निघायचे, आणि सोबत त्यांचे मित्र रहीमचाचा. चाचांचं बाजारात इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. ते उघडं आहे की बंद, हे गिऱ्हाइकाच्या नशिबावर असायचं. आई माळकरी. तिच्या स्वयंपाकघरात मासा कधी शिरला नाही. बाबांनी आणलेले मासे अंगणातल्या वेगळ्या चुलीवर बाबाच शिजवायचे, आणि आई त्या वेळी नेमकी वारा कुठून येतोय ते पाहून ओसरीवर जागा बदलायची.

मग बाबांची नजर जाऊ लागली. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब घालून सांभाळा. घरी आल्यावर बाबा बराच वेळ काठ्यांजवळ बसले. संध्याकाळी शेजारच्या किसनला हाक मारली आणि म्हणाले, "उन्हाळा झाला की ह्या काठ्या घेऊन जा. मले पाण्यावरचा तुकडा आता दिसून नाही राह्यला."

तुकडा म्हणजे ज्वारीच्या धांड्याचा सोललेला गाभा. तो दोरीला बांधायचा, तो पाण्यावर तरंगतो, मासा लागला की बुडतो. आमच्याकडची सगळी मासेमारी त्या तुकड्याकडे बघण्यात आहे. तो दिसत नसेल तर काठावर बसून करायचं काय?

मला रडू आलं आणि रागही आला. ज्या माणसानं आयुष्य पाण्याकडे बघत काढलं त्यानं समुद्र बघितलेला नाही, हे मला सहन होईना. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या मालतीबाई हर्णेच्या. त्यांची आई तिथे एकटी राहायची. वैशाखात शाळेला सुट्टी, शेतं रिकामी, माझ्या हातात पहिले काही पगार. हर्णेला जायचं, असं मी जाहीर करून टाकलं.

"एवढ्या दूर पाणी पाहाले?" आई म्हणाली. "अन् ते बी खारं?"

"आई, बाबांची नजर आहे तोवर."

 दुसऱ्या दिवशी ती दशम्या करायला बसली.

रहीमचाचा न विचारताच यादीत आले. "नारायणभाऊ एकटे समुद्रावर जातीन? अन् मी इथं इंजिनाचं तोंड पाहू?" म्हणाले. बाबांनी काठ्या घेतल्या, धांड्याच्या गाभ्याचे तुकडे घेतले, गोळ्यांसाठी कणीक घेतली. चाचांनी नव्यानं मिळू लागलेला नायलॉनचा दोरा घेतला आणि सवयीनं एक पाना.

दारव्ह्याहून मूर्तिजापूरला तेव्हा छोटी गाडी जायची. वेग असा की खाली उतरून बोरं तोडावीत आणि पुन्हा चढावं, असं लोक म्हणायचे. चाचांनी खरोखर एकदा उतरून इंजिनवाल्याशी पाण्याच्या नळाविषयी चर्चा केली. रापलेलं काळं रान, मधूनच पळस, कारंज्याला मडक्यातलं पाणी. मूर्तिजापूरला मोठी गाडी मिळाली. थर्ड क्लासात जागा मिळवायची असेल तर वयस्कर मंडळींना पुढे करावं, हा माझा अनुभव. आईनं ठेच्याचा डबा उघडला आणि अर्धा डबा शिंकू लागला. तेवढ्यात चाचांच्या बायकोनं दिलेली नानखटाई फिरली आणि सगळ्यांशी पुन्हा दोस्ती झाली.

मुंबई आम्ही फक्त ओलांडली. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी कोकणची बोट सुटायची. डेकचं तिकीट एका बऱ्या लुगड्यापेक्षा स्वस्त होतं. वळकटी पसरून जागा धरायची आणि बोटीच्या मधोमध बसायचं, तिथे हेलकावे कमी. आईला मळमळेल म्हणून मी लिंबू घेतलं होतं. प्रत्यक्षात मळमळलं मला, आणि आई टकळीवर सूत काढत शांत बसून राहिली. ती कुठेही जाताना कापसाचे पेळू आणि टकळी घेऊनच निघे. बोट डोलत होती, टकळी फिरत होती, सूत तुटत नव्हतं. शेजारची एक कोकणी बाई तिच्याकडे बघता बघता झोपी गेली. मीही झोपले असेन, कारण मला पुढचं आठवतं ते निळं आणि ऊन, आणि किनाऱ्याची एक बारीक रेघ आमच्याबरोबर चालत असलेली.

हर्णेला बोट धक्क्याला लागत नसे. भर पाण्यात उभी राही आणि लहान होड्या येऊन माणसं उतरवून नेत. आई डोळे मिटून, पांडुरंगाचं नाव घेत उतरली. बाबांना मी हात दिला. ते होडीत बसले, चेहरा पाण्याकडे केला आणि हसले.

"कसा आहे बाबा?"

"लय मोठा आहे," ते म्हणाले.

मी खूश झाले. पण थोड्या वेळानं, होडी वाळूकडे वळत असताना, त्यांनी चाचांच्या कानाशी तोंड नेऊन हळूच विचारलेलं मला ऐकू आलं. "रहीमभाई, लाट केवढी आहे?"

समुद्रावरचं ऊन आमच्या उन्हासारखं नसतं, ते खालूनही येतं. त्या चकाकीत बाबांना नुसतं पांढरं दिसत होतं. आपण उशीर केला, असं मला वाटलं. मग आणखी एक गोष्ट कळली. वाळूवर उतरल्यावर चाचा बाबांच्या अगदी डाव्या खांद्याशी चालू लागले, जसे ते अडाणच्या काठावर बसायचे. गेलं वर्षभर डोहावर तुकडा बुडाला की चाचा हळूच "हं" म्हणायचे आणि बाबा काठी ओढायचे. घरी येणारे मासे चाचांच्या डोळ्यांनी पकडलेले होते. चाचांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बेटा, मी नुसतं खाकरतो. मासा तं तेच काढते."

मालतीबाईंच्या आईला सगळे गोदाकाकू म्हणायचे. मातीची भिंत, माडाची सावली, मागच्या दाराला वाळू. त्यांनी आईसाठी वेगळी चूल मांडून दिली, कुळथाचं पिठलं आणि भात वाढला, आणि आमची कणीक पाहून कमरेवर हात ठेवला.

"इथल्या माशांना जेवायला वाढताय की दळण देताय?"

बाबा थोडे दुखावले. "आमच्याकडचे खाते," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाळूवर गेलो. नवख्यांनी हा भाग नीट वाचावा, कारण आम्ही करता येतील तेवढ्या सगळ्या चुका केल्या. बाबांनी कणकेचा गोळा लावला, तुकडा बांधला, काठी उचलून गळ टाकला. पहिल्या लाटेनं कणीक धुऊन नेली आणि तुकडा आणून बाबांच्या पायाशी ठेवला. बाबांनी पुन्हा टाकला. लाटेनं पुन्हा आणून दिला. असं बराच वेळ चाललं. आमच्या नदीला घेतलेलं परत द्यायची सवय नाही, त्यामुळे चाचांना तो समुद्राचा चांगुलपणा वाटला. "लय इमानदार आहे," म्हणाले.

दुपारी गोदाकाकूंनी सोललेली कोलंबी दिली आणि सांगितलं की पाणी भरायला लागलं की जा, ओहोटीला गेलात तर नुसतं ऊन खाल. वाळूवरून टाकायचं तर तरंगणारं काही नको. शिसं बांधा, लाटा फुटतात त्याच्या पलीकडे फेका आणि दोरा हातात धरा. चाचांना शिशाचं ऐकून हुरूप आला. त्यांनी काठ्यांचा दोरा सोडवला, नायलॉनला जोडला, गोदाकाकूंकडून फुटक्या जाळ्याचं शिसं घेऊन बांधलं आणि सगळं एका लाकडी रिळावर गुंडाळलं. बाबा बघत बसले होते. काठी नाही, तुकडा नाही.

"मंग पाहाचं काय?" त्यांनी विचारलं.

 मला वाटतं, त्या क्षणी त्यांनी मनातल्या मनात काठ्या किसनला देऊन टाकल्या.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर पुन्हा गेलो. वाळू ओली, आकाश पिकल्या आंब्याच्या सालीसारखं, पाण्यावर नुसती हालचाल. चाचांनी गोफणीसारखं फिरवून शिसं दूर फेकलं आणि दोरा बाबांच्या हातात दिला. बाबा उभे राहिले खरे, पण मान पुढे काढून, डोळे बारीक करून, दोरा पाण्यात कुठे शिरतो ते शोधत राहिले. दिसणार कसं? डोळे असलेल्या मलाही दिसत नव्हतं.

चाचांनी चपला, फडकं आणि डबा पाण्याच्या कडेला ठेवले होते, जसे डोहाच्या कडेला ठेवतात. आमची नदी चढते ती ढग आल्यावर, आणि त्याचीही आधी वर्दी मिळते. निरभ्र आकाशाखाली पाणी आपण होऊन वर येतं, हे दारव्ह्याच्या माणसाला कुणी सांगितलं तरी पायाला पटत नाही. एक लांब लाट आली, चपला उचलल्या आणि निघाली.

"अरे बाप्पा, माह्या चपला!" चाचा धावले. त्यांच्यामागे मी. बाबाही निघाले आणि जाताना आईच्या हातात रीळ दिलं. "धर बरं जरा."

आई वाळूवर बसून सूत काढत होती. तिनं टकळी मांडीवर ठेवली आणि दोरा घेतला. माळकरी बाई, हातात गळ. पण तिच्या लेखी तो दोरा होता, आणि दोरा कसा धरायचा हे तिला कुणी सांगायला नको होतं. पहिल्या बोटावरून घेतला, अंगठा हलकेच टेकवला, आणि नेहमीसारखी दुसरीकडे कुठेतरी बघत बसली.

आम्ही एक चप्पल आणि डबा घेऊन परत येत होतो. आईचा आवाज आला, तिच्या नेहमीच्याच पट्टीत.

"आवो, याच्यात कोणीतरी आहे."

"लाट असंल," बाबा म्हणाले.

"लाट ओढते अन् सोडते. हे चिमटे घेऊन राह्यलं."

बाबा तिथेच थांबले. "मंग ओढ नं!"

तिनं ओढलं. पेळूतून सूत काढावं तसं, न झटकता, हातावर हात. लाटेच्या फेसातून वीतभर लांब, रुपेरी, निमुळत्या तोंडाची मुडदुशी वाळूवर आली आणि आई दोन पावलं मागे सरकली. बाबांनी हातानं चाचपून मासा गळावरून सोडवला. मग त्यांनी तो आईपुढे धरला.

आमच्याकडे एक रीत आहे. नव्या पाण्यातला पहिला मासा पाण्याचा, तो परत द्यायचा. ज्यानं धरला त्यानंच सोडायचा. आईनं पदर हाताला गुंडाळला, मासा घेतला, गुडघाभर पाण्यात गेली आणि सोडला. "जा बाप्पा," म्हणाली. परत येऊन वाळूनं हात घासले आणि टकळी उचलली.

चाचा एका चपलेवर उभे राहून हसत होते. बाबा मात्र हसले नाहीत.  मला वाटलं, बायकोनं मासा धरला म्हणून अभिमान दुखावला. मी आईकडे पाहिलं तर ती म्हणाली, "राहू दे. विचार करून राह्यले."

सकाळी उठले तेव्हा दोघं मागच्या दाराशी बसले होते. मी चूळ भरायचं निमित्त करून थांबले.

"काल तुले कसं समजलं?" बाबा विचारत होते.

"सूत तुटायच्या आधी बोटाले सांगते. पाह्यलं तं उशीर होते. मी कधी सुताकडे पाहातो का?"

"नाही."

"मंग."

तिनं टकळी फिरवली, सूत बाबांच्या बोटावरून घेतलं आणि पेळू आपल्या हातात ठेवला. ती मधूनच सूत जरा ताणायची, जरा सैल करायची. "आता?" "ताणलं." "आता?" "सोडलं." "आता?" बाबा थांबले. "आता तू काहीच नाही केलं. वारा आहे." आई हसली. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना हातात हात घेतलेलं पाहिलं नव्हतं, आणि तेही हातात हात नव्हतेच, मध्ये एक सूत होतं. मी चूळ भरायची विसरून तशीच उभी राहिले.

पुढचे दिवस आता मला वेगळे काढता येत नाहीत. भरतीच्या वेळी वाळूवर जायचं, गोदाकाकूंकडचं ताक प्यायचं, दुपारी माडाखाली झोपायचं, पुन्हा भरती. बाबा गुडघाभर पाण्यात उभे असत, डोळे मिटलेले, दोरा बोटावर. लाट त्यांच्याभोवती यायची, फुटायची, पायाखालची वाळू घेऊन जायची, आणि ते हळूच पाऊल उचलून पुन्हा रोवायचे. चकाकीचा त्रास संपला, कारण चकाकीकडे बघायचंच नव्हतं. कधी तासभर काही नसे. मग मान थोडी कलायची, हात मागे यायचा. चार मासे आले की तीन तरी मुडदुश्या. एकदा शिंगाळा आला तेव्हा गोदाकाकू ओरडल्या, हात लावू नका, काटा विषारी असतो. तुम्हीही लावू नका. फडक्यात धरा आणि माहितगाराला द्या.

चाचा डाव्या खांद्याशी उभे राहायचे, सवयीनं. पहिल्या दिवशी दोनदा "हं" म्हणाले. बाबा म्हणाले, "लाट होती." मग चाचा गप्प झाले, आणि त्यांना हातांचं काय करावं कळेना. शेवटी ते आमिषाची कोलंबी सोलू लागले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी बाबांजवळ जाऊन उभी राहिले. मनातलं बोलून टाकलं. "बाबा, तुम्हाला समुद्र दाखवायला आणलं होतं. तो काही नीट दिसला नाही तुम्हाला."

त्यांनी माझा हात घेतला आणि दोरा माझ्या बोटावर ठेवला. आधी नुसतं जड वाटलं. मग लाटेची मोठी ओढ कळली. तिच्या आत शिसं वाळूवर घसरत होतं, खरखरत. त्याच्याही पलीकडे काहीतरी सतत, बारीक, दोऱ्यातून येत होतं. मी डोळे मिटले.

"हे सारं दिसून राह्यलं मले," बाबा म्हणाले.

परतीची बोट, मोठी गाडी, छोटी गाडी. चाचा मुंबईत घेतलेल्या नव्या चपला सगळीकडे हातात धरून बसले. दारव्ह्याला उतरलो तर फुफाटा, आणि जिभेवर अजून मीठ. दुसऱ्याच दिवशी किसन आला, काठ्यांसाठी. मी दारातच अडखळले. देऊ नका, असं ओठांवर आलं होतं. बाबांनी काठ्या स्वतः आणून दिल्या, धांड्याचे तुकडेही दिले.

"अन् तुमाले?" किसननं विचारलं.

"मले आता काठीचं काम नाही," म्हणून बाबांनी रीळ दाखवलं.

आता ती छोटी गाडी बंद आहे, कोकणची बोटही कधीच बंद झाली. हर्णेला आता सडकेनं जाता येतं, हॉटेलं आहेत, छडीला चाक लावलेले गळ भाड्यानं मिळतात म्हणे. जरूर जा. भरती बघून जा, चपला लांब ठेवा, आणि पहिल्यांदा दोरा हातात घ्याल तेव्हा थोडा वेळ कुठेच बघू नका.

त्या वर्षी पोळ्यानंतर अडाणचं पाणी निवळलं तेव्हा मी दोघांना डबा द्यायला डोहावर गेले होते. बाबा दगडावर बसले होते, दोरा बोटावर, डोळे मिटलेले. चाचा डाव्या खांद्याशी. पाण्यावर तुकडा नव्हता, त्यामुळे चाचांना बघायला काही नव्हतं, तरी ते पाण्याकडेच बघत होते. मी आल्याचं बाबांना पावलांवरून कळलं. त्यांनी थांबायची खूण केली. मग हळूच म्हणाले, "आला."

चाचांनी पाणी निरखून पाहिलं. कुठे काही हललं नव्हतं. त्यांनी बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डोळे मिटून बोट पुढे केलं.

"द्या बरं नारायणभाऊ," म्हणाले. "मले बी पाहू द्या."